वेल्हाळमधला ळ

जाड

"ही शिरोरेषा आहे, की माझ्या डोक्यावरचा केस पडलाय?"

पै साहेब डोळ्याला भिंग लावून आमच्या 'क'वर वाकले होते.

"फुंकर मारून बघा," मोरेश्वर म्हणाला. "उडाला तर तुमचा."

पै साहेबांनी खरंच फुंकर मारली. त्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, त्यामुळे टेबलाभोवतीची माणसं जरा जास्तच हसली. शिरोरेषा जागची हलली नाही. ती मी ओढली होती.

चौऱ्याऐंशी सालचा उन्हाळा. आम्ही नवरा-बायको पुण्याहून आमचं अक्षर घेऊन मुंबईत फोर्टमधल्या एका कंपनीत गेलो होतो. शिशाचे खिळे जुळवून छापायचे दिवस सरत आले होते. अक्षरांचे फोटो काढून फिल्मवर मजकूर जुळवणारी यंत्रं आली होती, आणि ती विकणाऱ्या या कंपनीला मराठी-हिंदीसाठी नवी वळणं हवी होती. आमच्या अक्षराचं नाव वेल्हाळ. सगळी बाराखडी, जोडाक्षरं, आकडे, वितीएवढ्या आकारात कार्डशीटवर काळ्या शाईनं काढलेले. उभे काने बोटभर जाड आणि आडव्या रेषा केसासारख्या. जाडातून बारकात जाताना कुठे धक्का नाही की गाठ नाही, आणि रेषेच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढी धारदार पाचर. मासिकांचे मथळे, पुस्तकांची मुखपृष्ठं, साड्यांच्या जाहिराती, असल्या ठिकाणी मिरवायचं अक्षर होतं ते.

"हा बारीक हात कुणाचा?" पै साहेबांनी विचारलं.

"सगळा हिचा," मोरेश्वर म्हणाला. "जाड भाग माझा, बारीक हिचा. माझा हात चालत नाही ना."

त्यानं उजवा हात सगळ्यांसमोर धरला. बोटं थरथरत होती.

"अरेरे! आर्टिस्ट माणसाच्या हाताला हे व्हावं?"

"गवयाचा घसा बसतो, तसं. पण घरात दुसरा गवई असला की भागतं."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी पदर सारखा केला. तो माझं श्रेय कधीच लपवायचा नाही. ज्याला त्याला सांगायचा. हात पुढे करून दाखवायचा आणि सांगायचा.

बारीक

वेल्हाळ लहान आकारात छापलं, की आधी बारीक रेषा गळून जायची. जाड तेवढं कागदावर उरायचं.

जाड

आम्ही कला महाविद्यालयात बरोबर होतो. तो अक्षरांचा, मी ठशांची. तांब्याच्या पत्र्यावर चित्र ओरखडून, तेजाबात बुडवून छापायचं, ते माझं काम. कॉलेजात मोरेश्वरच्या हाताला नाव होतं. तो मोकळ्या हातानं वर्तुळ काढायचा आणि पोरं त्यावर कंपास ठेवून चहाच्या पैजा हरायची.

लग्न करून आम्ही पुण्यात एरंडवण्यात एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर राहायला लागलो. सासूबाई, तो आणि मी. जागा स्वस्त होती, कारण खाली बोत्र्यांचं जातं सुरू झालं, की वर मांडणीतली भांडी एकमेकांशी बोलायला लागायची. टेबलसुद्धा हलायचं. जाडजूड भाग भरायला त्याची अडचण नव्हती. पण बारीक रेषा अशा टेबलावर कशी ओढणार? रात्री गिरणी बंद असायची, तर दिव्याच्या उजेडात ब्रशची सावली नेमकी रेषेवर पडायची. उरला गुरुवार. गुरुवारी पुण्यात वीज बंद, म्हणून गिरणी बंद. भर दिवसाचा उजेड आणि मुकं घर. लोक गुरुवारी दत्ताला जायचे. आमच्या घरी गुरुवारी बारीक रेषा असायची.

पण ती आधी त्याची असणार होती.

वेल्हाळची नुसती पेन्सिलीतली वळणं तयार होती, तेव्हा मला बडोद्याहून नेमणूक आली. तिथल्या एका कला महाविद्यालयात छापचित्रं शिकवायची. राहायला खोली, आणि संध्याकाळनंतर तिथला मोठा प्रेस माझ्या स्वतःच्या कामाला मोकळा. मोरेश्वरनं पेढे आणले. सासूबाईंच्या तोंडात पहिला पेढा त्यानंच कोंबला.

त्याच आठवड्यात एका सकाळी त्याच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला.

"गिरणी," मी म्हणाले.

"गिरणी," तो म्हणाला.

गुरुवार आला. गिरणी बंद. कप वाजतच होता.

मग डॉक्टर झाले, वैद्य झाले. एकानं जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, एकानं चहा तोडायला सांगितला. कुणाला काही सापडलं नाही. सासूबाई रोज त्याच्या मनगटाला तेल चोळायच्या आणि तोंडानं बोलायच्या.

"शाळेत जायचं नसलं, की याचं पोट दुखायचं. मला सगळं पाठ आहे."

"आई, मी पस्तिशीचा आहे."

"मग पोटही पस्तिशीचंच आहे."

मी हसले होते. मोरेश्वरही हसला होता. हसताना त्याचा हात मांडीवर थरथरत होता आणि मला भरून आलं होतं. ज्या हाताची वर्तुळं बघून मी त्याच्याशी लग्न केलं, तो हात माशीसारखा फडफडताना बघणं सोपं नव्हतं. एका गुरुवारी तो 'अ'ची शिरोरेषा ओढायला बसला. रेषा विंचवासारखी वाकडी गेली. त्यानं ब्रश खाली ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बसला. त्याच्या पाठीकडे बघत मी ब्रश उचलला.

बारीक

बडोद्याला मी कळवलं: घरी आजारपण आहे, यंदा येता येत नाही.

जाड

तीन वर्षं माझे गुरुवार वेल्हाळमध्ये गेले. तांब्याचे पत्रे सासूबाईंनी पापडाच्या डब्यांवर झाकण म्हणून घेतले. मला राग आला नाही. पापड सादळले नाहीत.

मात्र बडोद्याचे माझे जुने सर मला विसरले नव्हते. त्या साली त्यांच्याकडे पुन्हा जागा निघाली. "या वेळी नाही आलीस तर परत विचारणार नाही," असं त्यांनी स्पष्ट कळवलं. मी जूनमध्ये रुजू होते म्हणून कळवून टाकलं आणि मगच मोरेश्वरला सांगितलं.

"अक्षर कॅमेऱ्याखाली गेलं, की मी मोकळी. चालेल ना?"

"अगदी मोकळी," तो म्हणाला. "तुझं खूप राहिलंय गं माझ्यापायी."

तेव्हा फोर्टमधल्या त्या टेबलाशी मी उभी होते ती अशी. पै साहेब एकेक कार्ड उलटत होते, आणि माझ्या डोक्यात बडोद्याची खोली. खिडकीला पडदा कुठला लावायचा, इथपर्यंत मी पोचले होते.

"आजच सगळं कॅमेऱ्याखाली जायला हवं," पै साहेब म्हणाले. "उद्यापासून कॅमेरा गुजरातीवाल्यांना दिलाय. काही दुरुस्ती निघाली तर इथंच करून द्या. ब्रश-शाई आहे ना?"

"बायको आहे," मोरेश्वर म्हणाला.

पुन्हा हशा. ते 'त' 'थ'पर्यंत आले तेव्हा मी शिपायाला हळूच विचारलं, बायकांसाठी कुठं आहे? तो गोंधळला. त्या ऑफिसात बायका म्हणजे एक टेलिफोन ऑपरेटर. खालच्या मजल्यावर बसायची. संडासाची किल्ली तिच्याकडे.

ऑपरेटर परुळेकरबाई कानाला फोन लावून बसल्या होत्या. मी हातानंच किल्ली मागितली. त्यांनी हातानंच थांबायला सांगितलं.

"हो... हो... साहेब मीटिंगमध्ये आहेत... होल्ड करा." मग माझ्याकडे वळून, "किल्ली देते, पण परत आणून द्या हां. मागच्या वेळी एक मॉडेल आली होती जाहिरातवाल्यांची, ती घेऊन गेली. दोन दिवस मी चर्चगेटला जात होते."

"संडासाला?"

"मग काय करू? स्टेशनवर पाच पैसे द्यायचे आणि रांग लावायची. साहेबांना म्हटलं, दुसरी किल्ली करून द्या. म्हणे, परुळेकर, एका बाईसाठी दोन किल्ल्या? तुम्ही कोण? नवीन लागलात?"

"नाही. अक्षर घेऊन आलोय. पाटणकर."

"ते हातवाले? सकाळी शिपाई सांगत होता. बिचारे. पण तुम्ही आहात म्हणून. नाहीतर कोण करतं हो!"

मी किल्ली घेऊन गेले, परत आणून दिली, जिना चढले. पै साहेबांच्या खोलीला कमरेएवढं झुलतं दार होतं. त्यावरून आत सगळं दिसायचं. मी ते ढकलायला हात लावला आणि तसाच ठेवला.

बारीक

तो ळ काढत होता.

जाड

ळमध्ये दोन गोल आहेत. दोन्ही पोटांतून जाड उतरतात आणि मधे एका रेषेनं एकमेकांना धरतात. ती रेषा सरळ नाही, दोन्हीकडे वळते. तिथे पट्टी चालत नाही, रेषा मारायचं पेनही चालत नाही. तीन केसांच्या ब्रशनं एका दमात ओढायची. मधे थांबलात तर गाठ पडते. मी ती श्वास कोंडून ओढायची. सासूबाईंना त्या दिवशी खोकायलाही बंदी. तरी मी ळची कितीतरी कार्डं फाडली होती. शेवटी जो जमला, त्यातही मधे किंचित कापल्यासारखं झालं होतं. मला माहीत होतं. पै साहेबांच्या भिंगानं नेमकं तेच पकडलं असणार.

बाकीची माणसं तपासलेली कार्डं घेऊन कॅमेऱ्याकडे गेली होती. मोरेश्वर खुर्चीत तिरका बसला होता, कार्ड मांडीवरच्या फायलीवर. टेबलसुद्धा घेतलं नव्हतं त्यानं. आणि तो बोलत होता. पै साहेबांना बोत्र्यांच्या गिरणीची गोष्ट सांगत होता. एका बाईचं दळण दुसरीच्या डब्यात गेलं आणि ज्वारीच्या घरात आठवडाभर गव्हाच्या पोळ्या झाल्या, ती. बोलता बोलता त्याचा ब्रश पहिल्या पोटातून निघाला, वर आला, वळला आणि दुसऱ्या पोटात उतरला. पाण्यातून मासा जावा तसा. वाक्यसुद्धा मधे तुटलं नाही.

पै साहेबांनी भिंग खाली घेतलं.

"अहो पाटणकर! हात तर चालतोय की तुमचा!"

"ती नसली की चालतो," मोरेश्वर कार्डावरची शाई फुंकत म्हणाला.

पै साहेब खो खो हसले. "आमचंही तसंच. बायको माहेरी गेली, की कंबर दुखायची थांबते!"

मोरेश्वर हसत हसत वर बघायला गेला, आणि दारावरून मी दिसले.

त्यानं ब्रश बशीत ठेवला. हात मांडीवर घेतला. आणि तो हात, माझ्या डोळ्यांदेखत, हळूहळू थरथरायला लागला. आधी करंगळी. मग सगळी बोटं.

पै साहेबांनी त्याच्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांचं हसू एकदम मावळलं. टकलावरून रुमाल फिरवत ते टेबलावर काहीतरी शोधायला लागले.

"या वहिनी, या. ळ जरा... करून घेतला. तुम्ही नव्हतात ना."

मी आत जाऊन कार्ड उचललं. शाई ओली होती. रेषा एवढी बारीक, की आहे असं मन सांगत होतं, आणि नजर तिच्या मागे गेली, की ती पुरती शेवटपर्यंत होती. तीन वर्षांत मला अशी एकही जमली नव्हती.

"कशी झालीय?" मोरेश्वरनं विचारलं.

"चांगली."

कॅमेऱ्याकडे गेलेली माणसं परत आली, तोवर पै साहेबांना कागद सापडले. त्यांनी ते माझ्यापुढे सरकवले.

"कंपनीचा विचार असा, की वेल्हाळचं तिरपं वळण करायचं. मग ठळक. मग गुजराती. चार-पाच वर्षांचं काम. दोघांच्याही सह्या लागतील, कारण..." ते थांबले. त्याचा हात चालत नाही, हे सकाळी सहज म्हणता आलं असतं, आता नाही. "कारण काम दोघांचं आहे."

मोरेश्वरनं टेबलावरच्या पेनाकडे बघितलं. हात मांडीवर थरथरत होता. टेबलाभोवतीच्या दोघातिघांनी कणवेनं त्या हाताकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. आता ही काय करते? मी सही केली नाही, तर का केली नाही ते सांगावं लागणार. त्या माणसांसमोर, पै साहेबांसमोर, त्याच्यासमोर. सांगितल्यावर तो त्या खुर्चीत कसा बसला असता, ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं. पै साहेबांना सगळं माहीत होतं आणि ते खिडकीबाहेर बघत होते.

आधी मोरेश्वरनं सही केली, वेडीवाकडी. मग पेन माझ्याकडे दिलं.

मी केली. माझा हात मात्र अजिबात हलला नाही.

बारीक

घाट चढेपर्यंत एस.टी.त मी खिडकीशी, तो कडेला आणि मधे कार्डांचं रिकामं पाकीट.

जाड

खंडाळ्याला गाडी चहाला थांबली. तो दोन कप घेऊन आला. दोन्ही भरलेले, एका थेंबाचीही सांडलवंड नाही. खिडकीतून माझा कप मला दिला आणि स्वतः खाली उभा राहिला.

"बडोदं लांब आहे गं," तो म्हणाला.

"हे तेव्हाच म्हणायचंस."

"म्हटलं असतं, तर थांबली असतीस?"

मी विचार केला. खोटं बोलायचं आता काही कारण उरलं नव्हतं.

"नाही."

"मग?"

त्या 'मग'मध्ये लाज नव्हती, माफी नव्हती. हिशेबाला हिशेब जुळल्यावर माणूस विचारतो तसा साधा प्रश्न होता. त्यानं कप संपवला, माझाही रिकामा कप हात वर करून घेतला आणि दुकानदाराला द्यायला गेला. परत येऊन शेजारी बसला, तेव्हा गाडीत दिवे लागले होते. समोरच्या सीटवरच्या म्हातारीनं विचारलं, "हाताला काय झालं हो?" मी बघितलं. तो परत थरथरत होता.

"जुनं आहे," तो म्हणाला.

बडोद्याला मी पुन्हा कळवलं, पुन्हा तेच कारण. सरांचं उत्तर आलं नाही. तिरपं झालं, ठळक झालं, गुजराती झालं. ठळकमध्ये बारीक रेषा जाड करायच्या होत्या, त्या मीच केल्या. वेल्हाळ सगळीकडे गेलं. मासिकं, लग्नपत्रिका, उद्घाटनाच्या पाट्या. मोरेश्वरला सत्कारांना बोलवायचे. तो व्यासपीठावर माझं नाव घ्यायचा, मला उभं करायचा. टाळ्या माझ्यासाठी जास्त पडायच्या. तो हात पुढे करून दाखवायचा.

घरात आम्ही दोघंच असतानाही तो हात थांबू द्यायचा नाही. जेवताना, पेपर वाचताना. काय करणार? कधी थांबवायचा, हेच त्याला ठरवता येत नसणार. थांबवला असता तर मी काही म्हणाले नसते. पण हे त्याला सांगायला मी गेले नाही.

बारीक

गेल्या दिवाळीत त्याच्या हातातून पणती पडली. एवढ्या वर्षांत त्या हातातून कधी काही पडलं नव्हतं.

जाड

मग चालताना उजवा पाय घासायला लागला. शर्टाची बटणं लागेनात. बोलणं पुटपुटल्यासारखं झालं. आमच्या कॉलनीत नवीन डॉक्टर आलेत, तरुण आहेत, घाईत असतात. त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी हात हातात घेऊन वाकवून बघितला, पाय बघितला, चालायला लावलं. कपाळाला आठी घातली.

"आजोबा, ही थरथर कधीपासूनची?"

मोरेश्वरनं माझ्याकडे बघितलं.

"एक्क्याऐंशी सालापासून," मी म्हणाले.

"बाप रे! एवढी जुनी?" डॉक्टरांची आठी गेली. "म्हणजे तरुणपणीच सुरू झाली?"

"लग्नानंतर दोनच वर्षांनी."

"तेव्हा दाखवलं होतं?"

"खूप जणांना. कुणाला काही सापडलं नाही."

"नाहीच सापडणार. ही एक निरुपद्रवी थरथर असते, काहींना जन्मभर राहते. मला वेगळी शंका येत होती. गेल्या वर्ष-दोन वर्षांत सुरू झालेली असती, तर मी तुम्हाला लगेच पुढे पाठवलं असतं, तपासण्या, औषधं... वेळेत सुरू केलेली बरी असतात. पण चाळीस वर्षांची म्हटल्यावर प्रश्न नाही. पाय घासणं वगैरे वयाचं. बरोबर ना, आजोबा? तेव्हापासूनच आहे ना?"

मी मोरेश्वरकडे बघत राहिले. एकच शब्द बोलायचा होता. तो त्याचा होता, माझा नव्हता.

त्यानं उजवा हात डाव्या हातानं धरला, उचलला आणि खिशात घातला.

"तेव्हापासूनच," तो म्हणाला.

डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितला आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.